परकोटाच्या आतले आपले गाव

स्मरणिकेसाठी लिही, असा आदेश आला तेव्हाच ठरवले, सॉफ्टवेअरवर लिहायचे नाही. लिहायचे ते चांद्यावर. पुण्यात कुणाला चंद्रपूर सांगितले की पुढचे दोन शब्द ठरलेले: ऊन आणि कोळसा. आपले गाव एका राज्याची राजधानी होती, हे ठासून सांगायला मला चाळिशी उलटावी लागली.

गोंडराजांची राजधानी आधी शिरपूर, मग बल्लारपूर. खांडक्या बल्लाळशहाचा त्वचारोग झरपटेच्या पाण्याने बरा झाला, आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या वाटेवर परकोट उठला, ही दंतकथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. परकोट मात्र खराच. घेर सुमारे ११ किलोमीटर; जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चालले. राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधली, महाकालीचे देऊळ उभारले. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून किल्ला घेतला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना चांद्यातच फाशी झाली. ते मोलमपल्लीचे. १९८२ मध्ये जिल्हा विभागला गेला आणि त्यांचे गाव गडचिरोलीत गेले.

आता जे मला खरे लिहायचे आहे ते. आपल्या वर्गात वसतिगृहातून येणारी गोंड मुले होती. 'जंगलातून आले' म्हणून आपण हसायचो. मीही हसले. ज्या दरवाज्यातून सायकली काढत आपण शाळेत यायचो, तो त्यांच्या पूर्वजांनी उभारलेला होता. पुस्तकात पानिपत होते, हे फारसे नव्हते. पण सगळा दोष पुस्तकाचा नाही. आपले सर गोंडराजांबद्दल सांगायचे. तेव्हा माझे लक्ष मधल्या सुट्टीच्या डब्यात असे. सर, इतक्या वर्षांनी माफी मागते.

२०१७ पासून शहरातल्या तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे काढली, बुरूज मोकळे केले. आता भिंतीवरून चालता येते. मेळाव्याच्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, बगड खिडकीपाशी जमू या का? वसतिगृहातल्या मित्रांनी पुढे चालावे, आपण मागून.

त्यांचे नंबर आपल्या ग्रुपवर नाहीत. मी काल यादी पाहिली. आधी ते शोधू या.