केसरबाईंचा आवाज आणि संग्राहकांची ठेव

चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, शिल्पकाराची मूर्ती देवळात राहते, कवीचे काव्य पोथीत राहते. गवयाचे गाणे मात्र तंबोऱ्याच्या तारा थांबल्या की संपते. मागे उरते ती ऐकणाऱ्याची आठवण, आणि ऐकणाराही एक दिवस जातो. तानसेनाचे नाव सर्वतोमुखी आहे, पण त्याचा एक षड्जही आज कोणास ऐकता येत नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला, गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले, आणि ही स्थिती पालटू लागली. गळ्यातील सुराला प्रथमच हाती धरण्याजोगे रूप आले. आणि वस्तू आली तेथे तिचा संग्राहकही आला.

या वस्तूचे मोल मुंबई-पुण्याच्या श्रोत्यापेक्षा धाराशिवसारख्या गावच्या श्रोत्यास अधिक कळावे. मोठ्या मैफली मुंबईत व्हावयाच्या. तुळजाभवानीच्या या मुलखातील रसिकास तेथवर जाणे सोपे नव्हते. जिल्हा त्या वेळी उस्मानाबाद या नावाने निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत मुंबई हा त्याला परका इलाखा होता. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली, तरी धाराशिव शहर तिच्या वाटेबाहेरच राहिले. अशा ठिकाणी किल्ली दिली की चालणारे, विजेची अपेक्षा न धरणारे ग्रामोफोनचे यंत्र हीच मैफल. मोठ्या घराण्याचा अवघड राग तेथल्या घरात शिरावयाचा तर तो लाखेच्या काळ्या तबकडीतूनच.

पण त्या तबकडीत मावणार किती? मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे बसे. ज्या ख्यालाला मैफलीत पाऊणपाऊण तास लागावयाचा, त्याचा येथे केवळ अर्क मिळे. आलापीला जागा नाही, बोलतानांना उसंत नाही, समेवर येऊन दाद घेण्यास समोर कोणी नाही. म्हणूनच जयपूर-अत्रौली परंपरेचे आचार्य अल्लादियाखाँ यांचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. १९४६ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ध्वनिमुद्रणाचा धंदा भरभराटीस येऊन कैक वर्षे लोटली होती. तरी खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. त्यांची गायकी कशी होती हे जाणण्यास जगाला त्यांच्या शिष्यांकडेच पाहावे लागते.

त्या शिष्यवर्गात अग्रभागी नाव येते ते केसरबाई केरकर यांचे. गोव्यातील फोंडे महालातल्या केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोर गुणीजनांकडे थोडथोडे शिक्षण घेत १९२१ साली त्या अल्लादियाखाँच्या तालमीत दाखल झाल्या, आणि खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, ती तालीम चालली. खुला, भरीव, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाने फिरणारा आकार. लयीला घट्ट धरून अखंड वाहणारी तान. आणि इतरांच्या मुखी क्वचितच येणारे अनवट राग, हे त्यांच्या गाण्याचे विशेष. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांस 'सुरश्री' ही पदवी दिली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा आणि १९६९ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

अशा या गायिकेने एच. एम. व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी काही तबकड्या गायिल्या, आणि पुढे त्या वाटेकडे पाठ फिरविली. नभोवाणीवरही त्यांनी गाणे मान्य केले नाही. या नकारात केवळ हट्ट पाहणे अन्यायाचे होईल. जी विद्या वर्षानुवर्षे गुरूच्या दारी बसून, एकेक तान शेकडो वेळा घोटून मिळविली, ती कोणाच्या कानी, कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी पडावी हे ठरविण्याचा अधिकार गायकाचा आहे, ही त्या परंपरेची श्रद्धा होती. सकाळचा राग रात्री आणि रात्रीचा सकाळी, गप्पा चालू असताना कोपऱ्यात वाजत राहावा, ही कल्पनाच त्या श्रद्धेस असह्य. आपली विद्या पुढे जावी म्हणून बाईंनी निवडलेला मार्ग जुनाच होता: धोंडूताई कुलकर्णी यांच्यासारखी शिष्या समोर बसवून शिकविणे.

दुसऱ्या बाजूस रसिक होता, आणि त्याची तहान खरी होती. तीन मिनिटांच्या तबकडीने ती भागत नव्हती. त्याला मैफलीतील बाई हव्या होत्या. पश्चिमेकडेही असेच घडले होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन याने १९०१ ते १९०३ या काळात प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना मेणाच्या नळकांड्यांवर गायकांचे आवाज टिपून ठेविले. एकेक तुकडा जेमतेम दोन मिनिटांचा, खरखर तर गाण्याहून मोठी. तरीही नेली मेल्बा ही तारसप्तकाची सम्राज्ञी रंगभूमीवर कशी गात असे ते त्यांतून कळते. आणि झां द रेश्के या प्रख्यात गायकाचा आवाज तर आज त्या नळकांड्यांखेरीज कोठेच सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीचे यंत्र प्रचारात आले, तेव्हा हेच काम आपल्याकडील रसिकांच्या हाती आले. १२०० फुटांची फीत सेकंदास साडेसात इंच या वेगाने चालविली की अर्ध्या तासाचे गाणे अखंड मिळे. केसरबाईंच्या मैफलींच्या ज्या फिती आज हातोहात फिरतात, त्या या यंत्राचे देणे होत.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ज्या गायिकेने आपला आवाज यंत्राच्या स्वाधीन करण्याचे नाकारले, तिच्या मैफलीची फीत जपणारा रखवालदार म्हणावयाचा की चोर? उत्तर त्याच्या वर्तनात आहे. जो संग्राहक फीत कपाटात कोंडून 'ही केवळ मजपाशी' म्हणून मिरवितो, तो गायिकेचा मान राखीत नाही आणि रसिकांच्याही उपयोगी पडत नाही. अॅसिटेटची जुनी फीत वाळून कडकते, लाखेची तबकडी हातून पडली की फुटते, पोलादी सुई प्रत्येक वादनात खाचेतील थोडा सूर झिजविते. कोंडलेला ठेवा कोंडल्या जागीच मरतो. उलट, जो स्थळ, तिथी, राग, साथीदार यांची नोंद ठेवितो, कळत नाही तेथे तर्काने भर घालीत नाही, आणि यंत्राचा वेग बरोबर आहे ना हे ताडून पाहतो, तो खरा ठेवदार. वेगाची गोष्ट क्षुल्लक नव्हे: फीत थोडी जलद फिरली की पट्टी चढते, लय धावू लागते, आणि गायिकेने कधी न गायिलेले गाणे तिच्या नावावर जमा होते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांस एकत्र आणून अशा नोंदींची व अभ्यासाची शिस्त लावण्याचा उद्योग केला, हे मोठेच कार्य होय.

जपून ठेविलेल्या एका तबकडीचे भाग्य कोठवर जाते, याचा दाखला याच गायिकेच्या चरित्रात आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने ग्रहमालेपलीकडे धाडण्याचे योजिले, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने सोबत दिले. हिंदुस्थानी संगीताकरिता रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाने केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचविली. पण ती तबकडी बाजारात मिळेना. निवड-मंडळातील अॅन ड्रुयन यांनी शोध चालविला, तेव्हा न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती निघाल्या. बाईने तिन्ही विकत घेतल्या. एकाच गाण्याच्या तीन प्रती कशास, याचे दुकानदारास नवल वाटले. ५ सप्टेंबरास पहिल्या क्रमांकाचे यान सुटले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंनी देह ठेविला.

ऐकणारा समोर नसेल तर गाऊ नये असे मानणाऱ्या या गायिकेचा सूर आज अशा ठिकाणी चालला आहे की जेथे ऐकणारा असेल की नाही हेच कोणास ठाऊक नाही. ती साडेतीन मिनिटे त्यांनी स्वतः होऊन दिलेली होती. मैफलींच्या फिती मात्र काळाने आपल्या पदरात टाकिल्या आहेत. पहिल्या दानाबद्दल कृतज्ञता पुरेशी आहे. दुसऱ्याबद्दल अधिक काही हवे: ज्या घरात ती फीत लागेल त्या घरात तेवढा वेळ बोलणे थांबावे, तंबोरा जुळेपर्यंत धीर धरावा, आणि समोर बाई बसल्या आहेत असे समजूनच ऐकावे.