जुन्या नकाशांची कलाकुसर

जुन्या नकाशांची कलाकुसर म्हणजे कालबाह्य, फाटलेले किंवा उपयोगातून गेलेले छापील नकाशे कापून, दुमडून व चिकटवून त्यांपासून पताका, आकाशकंदील, कागदी फुले, शुभेच्छापत्रे, चौकटी इत्यादी वस्तू बनवण्याची हस्तकला होय. प्रवास या कल्पनेवर बेतलेले वाढदिवस, निरोप समारंभ, विवाहसोहळे आणि रुखवत यांच्या सजावटीत या वस्तू वापरल्या जातात. थर्माकोल व प्लॅस्टिक यांना पर्याय म्हणून कागदी सजावटीचे महत्त्व वाढले आहे. मात्र जुना नकाशा हा केवळ रद्दीचा कागद नसून तो एखाद्या भूभागाच्या पूर्वस्थितीचा पुरावाही असू शकतो. त्यामुळे कोणता नकाशा कापावा आणि कोणता जपावा, हा या कलेतील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

नकाशा कापून त्याची वेगळी वस्तू करण्याची प्रथा जुनी आहे. इ.स. १५०७ मध्ये जर्मन नकाशाकार मार्टिन वाल्डझेम्युलर याने पृथ्वीगोलावर चिकटवण्यासाठी बारा फाकांचा नकाशा छापला होता. संत्र्याच्या फोडींसारख्या दिसणाऱ्या या फाका कापून गोलावर बसवल्या की पृथ्वीगोल तयार होई. सन १७६० च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी याने लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून करवतीने कापला आणि मुलांना भूगोल शिकवण्याचे साधन म्हणून विकला. आजच्या चित्रकोड्यांच्या खेळाचा उगम सामान्यतः येथे मानला जातो.

टंचाईच्या काळातही नकाशांचा पुनर्वापर झाला. पहिल्या महायुद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेल्या लॅटव्हियाकडे टपाल तिकिटांसाठी कागद नव्हता. डिसेंबर १९१८ मध्ये त्या देशाची पहिली तिकिटे मागे राहिलेल्या जर्मन लष्करी नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापण्यात आली. तिकीट उलटे केले की रस्ते आणि गावांच्या नावांचे तुकडे दिसतात. संग्राहकांना ही मागची बाजूच अधिक प्रिय असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना शत्रुप्रदेशातून निसटण्यासाठी रेशमी व कृत्रिम रेशमी कापडावर छापलेले नकाशे दिले जात. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये कापडावर नियंत्रण असताना शिल्लक राहिलेले हे नकाशे विक्रीस आले आणि त्यांपासून कपडे शिवले गेले.

महाराष्ट्रातील नकाशांची उपलब्धता

महाराष्ट्रात जुने नकाशे प्रामुख्याने शाळांतून मिळतात. वर व खाली लाकडी दांडी असलेले, कापडावर चिकटवलेले भिंतीचे नकाशे राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीमा बदलल्या की अध्यापनासाठी निरुपयोगी ठरतात. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. आज ते ३६ आहेत. या बदलांवरून नकाशाचा काळही ठरवता येतो. सिंधुदुर्ग व जालना हे जिल्हे दाखवलेले नसतील तर नकाशा १९८१ पूर्वीच्या स्थितीचा असतो. लातूर व गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार व वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली व गोंदिया १९९९ मध्ये, तर पालघर २०१४ मध्ये अस्तित्वात आले. भारताच्या नकाशावर 'म्हैसूर राज्य' असल्यास तो १९७३ च्या आधीचा आणि 'मद्रास राज्य' असल्यास १९६९ च्या आधीचा समजावा. तेलंगणाविना असलेले नकाशे २०१४ पर्यंतचे असतात. शाळांच्या अडगळीत सर्वाधिक सापडतात ते हेच.

दुसरा मोठा साठा म्हणजे पर्यटकांसाठी छापलेले रस्ते नकाशे, रेल्वेचे मार्गदर्शक नकाशे आणि शालेय नकाशासंग्रह. हे नकाशे मोठ्या संख्येने छापलेले असल्याने त्यांतील एखादी प्रत कापल्याने सहसा काही हरवत नाही. कलाकुसरीसाठी हाच कागद योग्य मानला जातो.

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रके हा तिसरा प्रकार. सन १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाची पत्रके पूर्वी एका इंचास एक मैल या प्रमाणात असत. मेट्रिक पद्धत आल्यानंतर १ : ५०,००० हे प्रमाण रूढ झाले. तपकिरी समोच्च रेषा, निळे जलप्रवाह, हिरवी झाडी आणि लाल रस्ते यांमुळे ही पत्रके दिसायला सुरेख असतात आणि म्हणूनच कात्रीच्या धोक्यातही असतात.

टेंभुर्णी परिसराचे उदाहरण

नकाशा जुना झाला म्हणून निरुपयोगी होत नाही, याचे ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णीच्या परिसरात दिसते. हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर असून पंढरपूर आणि कुर्डुवाडी यांकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकन पद्धतीनुसार टेंभुर्णी ४७ एन/४ या पत्रकात येते. ७५° ते ७५°१५′ पूर्व रेखांश आणि १८° ते १८°१५′ उत्तर अक्षांश हा या पत्रकाचा विस्तार. गाव अठराव्या अक्षवृत्ताला लागून असल्याने ते पत्रकाच्या खालच्या कडेजवळ पडते. गावाचा दक्षिणेकडील शिवार पाहण्यासाठी ४७ ओ/१ हे पत्रक त्याला जोडावे लागते. गावाचा नकाशा चौकटीत बसवू पाहणाऱ्यास ही अडचण हमखास येते.

टेंभुर्णीच्या वायव्येस भीमा नदीवर उजनी धरण आहे. त्याचे बांधकाम १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट साठवणक्षमतेच्या 'यशवंतसागर' या जलाशयाखाली सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यांतील नदीकाठची गावठाणे आणि काळीची जमीन बुडाली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर पाणी ओसरल्यावरच उघडे पडते. धरणापूर्वीच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या पत्रकांत मात्र भीमेचे मूळ पात्र, काठावरची गावे, त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, विहिरी आणि देवळे जागच्या जागी दिसतात. पुनर्वसित कुटुंबांच्या दृष्टीने आपल्या जुन्या गावाची जागा, त्याचा आकार आणि शेजारची गावे यांचा तो छापील पुरावा आहे. नव्या नकाशात त्याच जागी एकसलग निळा रंग असतो. तेव्हा धरणाआधीचे पत्रक हाती आल्यास त्याच्या पताका करणे म्हणजे बुडालेले गाव दुसऱ्यांदा बुडवण्यासारखे आहे.

याच भागातील इतर बदलही जुन्या नकाशांवरून कळतात. पुणे–सोलापूर–हैदराबाद मार्गाला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ असे नाव होते; नव्या क्रमांकनानुसार तो ६५ झाला. जवळच्या कुर्डुवाडी जंक्शनवरून लातूर, पंढरपूर व मिरजेकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही अरुंदमापी होती. पुढे हा मार्ग रुंदमापी झाला. नकाशात दोन्ही मापांच्या लोहमार्गांची चिन्हे भिन्न असल्याने अरुंदमापी मार्ग चटकन ओळखता येतो.

साहित्य व पूर्वतयारी

धारदार कात्री, कागद कापण्याचे पाते, पट्टी, सुतळी, पुठ्ठा आणि चिकटवण्यासाठी खळ एवढे साहित्य पुरते. मैदा किंवा गव्हाचे पीठ पाण्यात शिजवून केलेली खळ पातळ कागदाला डिंकापेक्षा अधिक मानवते, कारण ती हळू वाळते व तुकडा सरकवून नीट बसवता येतो. पुस्तक बांधणारे कारागीर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुलांच्या हाताळण्यातील वस्तूंसाठी अशी खळ वापरू नये.

घडी घातलेला नकाशा प्रथम घड्यांवर फाटतो. म्हणून घड्यांच्या रेषा कापणीच्या रेषा धरल्यास कागद कमी वाया जातो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा व ठिसूळ होतो. तो दुमडला की तुटतो, त्यामुळे अशा कागदाच्या घड्यांच्या वस्तू न करता तो पुठ्ठ्यावर सपाट चिकटवतात. खळ लावण्यापूर्वी ओल्या कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर टेकवून शाई पसरते का ते पाहावे. कापडी पाठीचा शालेय नकाशा कात्रीने सरळ कापता येतो आणि त्याच्या कडा विस्कटत नाहीत.

वस्तूंचे प्रकार

पताका हा सर्वांत सोपा व परिणामकारक प्रकार. १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रकातील नकाशाचा भाग महाराष्ट्राच्या या पट्ट्यात सुमारे ५३ सेंमी रुंद व ५५ सेंमी उंच असतो. त्यातून १८ सेंमी उंचीच्या तीन आडव्या पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीत १५ सेंमी पायाचे त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे आखल्यास सहा बसतात. अशा रीतीने एका पत्रकाच्या आकाराच्या कागदातून १८ पताका मिळतात. वरची कड दुमडून त्यातून सुतळी ओवतात.

आकाशकंदिलासाठी नकाशाचा कागद बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर ताणून लावतात. आत दिवा लागला की रस्ते व नद्यांच्या रेषा उठून दिसतात, परंतु कागदाच्या दुसऱ्या बाजूस छपाई असेल तर दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. म्हणून पाठकोरा कागदच घ्यावा लागतो. आत कमी उष्णतेचा एलईडी दिवा वापरतात. तेलाचा दिवा वा मेणबत्ती अशा कंदिलात ठेवू नये.

गोलावर नकाशा बसवण्यास फाकांची पद्धत उपयोगी पडते. बारा फाका करायच्या असल्यास प्रत्येकीची लांबी गोलाच्या परिघाच्या निम्मी आणि मध्यावरील रुंदी परिघाच्या बाराव्या भागाइतकी असते. ६० सेंमी परिघाच्या चेंडूसाठी फाक ३० सेंमी लांब व मध्यावर ५ सेंमी रुंद येते. अशा रीतीने केलेला गोल शोभेचा असतो. भिंतीवरचा आयताकृती जगाचा नकाशा कापून खरा पृथ्वीगोल होत नाही, कारण त्यात ध्रुवांकडील प्रदेश मुळातच ताणलेले असतात.

याखेरीज भिरभिरी, कागदी होड्या, विमाने, फुलांची तोरणे, पाकिटे व वह्यांची वेष्टने केली जातात. रुखवतात वधूवरांच्या गावांना जोडणारा रस्ता दाखवणारी चौकट मांडता येते. मेजवानीत प्रत्येक मेजाला एखाद्या गावाचे नाव देऊन त्या गावाच्या नकाशाचा तुकडा तेथे ठेवतात. निरोप समारंभात जाणाऱ्याच्या मुक्कामाची जागा हृदयाच्या किंवा वर्तुळाच्या आकारात कापून शुभेच्छापत्रावर लावण्याची पद्धत आहे.

प्रतींचा वापर

दुर्मीळ नकाशाची रंगीत प्रत काढून ती कापणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. लेझर छपाईत रंगाची भुकटी उष्णतेने कागदावर पक्की बसते, म्हणून अशी प्रत खळीच्या ओलाव्याने सहसा पसरत नाही. शाईच्या फवाऱ्याने छापलेली प्रत पसरू शकते. कोऱ्या कागदावरील प्रतीला जुनेपणाची छटा देण्यासाठी ती चहाच्या कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये 'नकाशे' या नावाचे संकेतस्थळ सुरू करून १ : ५०,००० प्रमाणाची खुली पत्रके विनामूल्य उपलब्ध केली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका आणि खुली मालिका अशी पत्रकांची विभागणी केली होती. महाराष्ट्रातील गावांचे गट नकाशे महसूल विभागाच्या 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर पाहता येतात.

कायदेशीर बाजू

पुरावस्तू आणि कला निधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक, वैज्ञानिक, वाङ्मयीन वा कलात्मक मूल्य असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित अथवा अभिलेख पुरावस्तू ठरू शकतात. मोडी लिपीतील हस्तलिखित नकाशे, वाड्यांचे आराखडे, टिपण व फाळणीचे कागद या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. घरातील दप्तरात असे कागद सापडल्यास ते कापू नयेत किंवा त्यांना खळ वा चिकटपट्टी लावू नये. पुणे पुराभिलेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) यांसारख्या संस्थांत त्यांविषयी चौकशी करता येते. सरकारी कार्यालयाचा शिक्का असलेला नकाशा रद्दीत मिळाला तरी तो रीतसर निर्लेखित झालेला आहे का, हे पाहणे आवश्यक असते. 'प्रतिबंधित' असा उल्लेख असलेली पत्रके सजावटीसाठी वापरणे योग्य नाही.

विक्रीसाठी नव्याने छापलेल्या वस्तूंवर भारताचा नकाशा असेल, तर त्याच्या सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळाव्या लागतात. चुकीच्या सीमांचा नकाशा प्रकाशित करणे हा दंडविधी सुधारणा अधिनियम, १९६१ अन्वये गुन्हा आहे. परदेशी बनावटीचे नकाशाछाप वेष्टनकागद वापरणाऱ्यांचे याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

टीका

जुने नकाशासंग्रह उसवून त्यांतील एकेक पान शोभेसाठी विकण्याच्या व्यवहारावर ग्रंथपाल व अभ्यासक दीर्घकाळ टीका करीत आले आहेत. सुट्या पानाला भिंतीवर मागणी असल्याने पूर्ण ग्रंथापेक्षा त्याच्या पानांची एकत्रित किंमत अधिक येते आणि ग्रंथ मोडण्याचा मोह होतो. या मागणीचे टोक चोरीतही दिसले. अमेरिकेतील नकाशाविक्रेता एडवर्ड फोर्ब्स स्माइली याला २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात अटक झाली आणि वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचे त्याने कबूल केले.

पर्यावरणाच्या बाजूने या कलेचे समर्थन केले जाते. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे थर्माकोलच्या सजावटीसह अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली; त्यानंतर मखर व मंडपाच्या सजावटीत पुठ्ठा, कागद व कापड यांचा वापर वाढला. परंतु नकाशाच्या पताकांना प्लॅस्टिकचा पातळ थर दिला किंवा चमकी लावली, तर त्या कागदाच्या रद्दीत जाऊ शकत नाहीत. सुतळीवर ओवलेल्या साध्या पताका मात्र गुंडाळून ठेवून पुढील समारंभात पुन्हा बांधता येतात.