लोखंडी खंजिरांची गोष्ट

मंडळी, इतिहास काही फक्त राजांचाच नसतो. ११ नोव्हेंबर २०११ रोजी 'स्कायरिम' हा संगणकावरचा खेळ आला. त्यात वस्तू घडवत गेले की लोहारकामाचे कौशल्य वाढते. सुरुवातीला वस्तूची किंमत हिशेबात धरत नसत. मग काय, लोखंडाची एक लगड, चामड्याची एक पट्टी की झाला खंजीर! लोकांनी असे शेकडो घडवले. २०१२ मध्ये आलेल्या १.५ या सुधारणेने किंमतही मोजायला सुरुवात केली. तेव्हा खेळाडू मंत्राने कच्च्या लोखंडाची आधी चांदी, मग सोने करू लागले आणि एका लगडीतून दोन अंगठ्या काढू लागले.

नियम बदलला, घोकंपट्टी तीच. आम्हा मास्तरांना हे नवे नाही. आपण जे मोजतो, तेच मुले घडवतात. पेपर काढणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. असो.