तेव्हाचा पगार, आताचा पगार



"आमच्या वेळी तीनशे रुपयांत सात माणसांचे घर चालायचे," हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आले नाही असे घर मला तरी माहीत नाही. त्यावर लेकीसुनांचे उत्तरही ठरलेले असते, "आई, पण तेव्हाचे तीनशे म्हणजे आताचे किती?" इथे बहुधा कुकरची शिट्टी होते आणि हिशेब राहून जातो. आज तो हिशेबच मांडू या.

त्यासाठी असा पगार हवा ज्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या सलग आहे. तो म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचा, आपल्या भाषेत शिपायाचा. पहिल्या वेतन आयोगाने १९४७ मध्ये त्याला भत्त्यासह महिना ५५ रुपये ठरवले. दुसऱ्याने १९५९ मध्ये ८०. तिसऱ्याने १९७३ साठी १८५ सुचवले, सरकारने १९६ दिले. मग १९८६ ला ७५०, १९९६ ला २,५५०, २००६ ला ७,००० आणि २०१६ ला १८,०००. हा काही सगळ्यांचा पगार नव्हे. शेतमजुराला आणि आपल्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईला यातले फारच थोडे मिळाले. मुंबईच्या गिरणगावात तर १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेले कितीतरी कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्या घरांचा हिशेब वेगळाच मांडावा लागेल.

बी.कॉम.ला निर्देशांक शिकवायचे तेव्हा तो फक्त परीक्षेपुरता वाटायचा. औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९६० होते, मग १९८२, मग २००१, मग २०१६ झाले. जुना आकडा नव्याशी जोडायला प्रत्येक वेळी सरकार एक गुणक देते: ४.९३, ४.६३ आणि २.८८. तिन्हींचा गुणाकार केला की साधारण ६६ येतात. म्हणजे १९६० चा एक रुपया २०१६ च्या ६६ रुपयांबरोबर. त्या वेळच्या शिपायाचे ८० रुपये म्हणजे २०१६ चे सुमारे ५,२५०. त्याच्या नातवाला त्याच खुर्चीवर १८,००० मिळाले, जवळजवळ साडेतीनपट.

निर्देशांकावर विश्वास नसेल तर गहू घ्या. १९७३ म्हणजे दुष्काळाचे वर्ष, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीची आठवण अजून निघते. त्या वर्षी सरकारने शेतकऱ्याकडून गहू क्विंटलला ७६ रुपयांनी घेतला. त्या भावाने १९६ रुपयांत अडीच क्विंटल आले असते. बाजारात तो भाव नव्हताच, पण तुलनेला मोजमाप एकच हवे. २०१६ ला सरकारी भाव १,५२५ होता आणि १८,००० मध्ये पावणेबारा क्विंटल गहू येत होता. ताटापुरते पाहिले तर आजच्या पिढीची बाजू भक्कम आहे. आणि पैशात न मोजता येणारेही बघा. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. "तेव्हा सगळे चांगले होते" म्हणणाऱ्या आजीबाईंना किती बाळंतपणे झाली आणि किती मुले हाती लागली, हे हळूच विचारून पाहावे.

आता सोने. इथे आपल्या सगळ्यांचे कान टवकारतात! १९४७ ला दहा ग्रॅमला ८८ रुपये होते, म्हणजे ५५ रुपयांत सहा ग्रॅम. १९७३ ला २८० च्या आसपास, म्हणजे सात ग्रॅम. १९८६ ला पगार ७५० झाला खरा, पण सोने २,१०० च्या वर गेल्याने साडेतीनच ग्रॅम आले. २०१६ ला पुन्हा सहा ग्रॅमच्या थोडे वर. सत्तर वर्षांत जवळजवळ पहिल्याच जागी! २०२५ ला मात्र सोने लाखाच्या पुढे गेले. १८,००० वर महागाई भत्ता धरून साधारण २८,००० होतात, त्यात तीन ग्रॅमही येत नाही. त्याच २८,००० मध्ये सरकारी भावाने साडेअकरा क्विंटल गहू मात्र येतो. सासूबाई सोन्याने मोजतात आणि सूनबाई किराण्याने, म्हणून दोघींचे जमत नाही.

घराचे तर विचारूच नका. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. ज्याला खोली मिळाली त्याचे भाडे वर्षानुवर्षे जवळपास जागच्या जागी राहिले, ज्याला नाही मिळाली त्याने पागडी मोजली. स्वतःचे घर म्हणजे निवृत्तीनंतर, फंडाच्या पैशातून. घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी निघाली तीच १९७७ मध्ये. आता मुले तिशीत घर घेतात आणि पन्नाशीपर्यंत हप्ता भरतात. शिक्षणाचेही तसेच. राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासून आली. जागा खूप वाढल्या, पण फी घरच्या खिशातून. शिवाय केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्या पिढीच्या पगारात म्हातारपणची सोय न दिसता मिसळलेली होती. तो आकडा तीनशेत कुणी धरत नाही.

आणखी एक आकडा त्या तीनशेत कुणी धरत नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढावे याचे सूत्र ठरवले. आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाने माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय भाडे, जळण आणि दिवाबत्ती. कुटुंब म्हणजे तीन घटक. पुरुषाचा एक, बायकोचा ०.८, दोन मुलांचे ०.६ प्रमाणे १.२. कमावणारा एकच धरायचा, बायको कमावत असली तरी ती मिळकत हिशेबात घ्यायची नाही, असेही त्यात लिहिले होते. हेतू चांगला होता, एकट्याच्या पगारात घर चालावे. पण घर चालायचे ते काही नुसत्या पगारावर नव्हते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन दिवसांवरचे पीठ चालत नाही, म्हणून जाते सारखे फिरायचे. पाणी गाळायचे, उकळायचे. पापड, सांडगे, शेवया, मुलांचे कपडे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, सगळे घरात. हे बाजारातून आणले असते तर त्या शिपायाचा पगार दहा तारखेलाच संपला असता. त्या बाईचा ०.८ हा खाण्याचा आकडा होता. तिच्या कामाचा रकाना त्या सूत्रात नव्हताच.

आज सून नोकरीला जाते, तेव्हा तेच काम पोळीवाल्या बाईंच्या पगारात, पाळणाघराच्या फीत आणि तयार पिठाच्या पिशवीत दिसू लागते. "दोघे कमावतात तरी पुरत नाही" याचा मोठा भाग तिथे आहे. खर्च नवा नाही, तो आधी सासूबाईंच्या पाठीवर होता.

गंमत म्हणजे सातव्या आयोगाने १८,००० काढले तेही याच सूत्राने. महिन्याला साडेपाच मीटर कापड, म्हणजे वर्षाचे तेच ७२ वार. दूध १८ लिटर. (यादीत मासे, मांस आणि ९० अंडीही आहेत. तो भाग आपण सोडून वाचायचा.) घटक तेच तीन. नवरा, बायको, दोन मुले. त्यात सासू-सासरे शून्य! अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही घटकांत धरा, अशी कर्मचारी संघटनांची मागणी आहे. आठव्या आयोगाच्या अध्यक्षपदी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. अहवाल आला की मी सगळ्यांत आधी घटकांचे पान उघडणार आहे.