काचेची वाटी आणि पाण्याचा थर : स्क्लेरल लेन्सचा इतिहास

१/ चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो, नवा चष्मा लावूनही अक्षरे दुहेरी दिसतात, रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरलेला भासतो. ऐन तारुण्यात असे होत असेल, तर त्यामागे केराटोकोनस हा विकार असू शकतो. त्यावरील एका उपायाचा, स्क्लेरल लेन्सचा, हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रारंभ आपल्या विदर्भापासून. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन संशोधकांसमवेत नागपूरनजीकच्या खेड्यांत नेत्रपाहणी केली. तिशीपुढील ४,६६७ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉर्नियाची वक्रशक्ती ४८ डायॉप्टर वा अधिक, हा निकष लावता २.३ टक्के लोकांत हा विकार आढळला. निकष कडक केला की प्रमाण बरेच घटते. वाशिमला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण विकार आपल्या मुलखाला परका नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

३/ बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. हाच कॉर्निया. केराटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो व शंकूप्रमाणे पुढे येतो. पृष्ठभागच असा वेडावाकडा झाला, की डोळ्यापासून दूर बसणारा चष्मा तो दोष पुरता भरून काढू शकत नाही.

४/ मग डोळ्यावरच नवा, गुळगुळीत पृष्ठभाग बसवला तर? ही कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली होती. काचेच्या लहानशा आवरणात पारदर्शक जेली भरून ते डोळ्यावर ठेवावे, असे त्याने सुचवले. ते घडवू शकेल असा कारागीर मात्र पुढे अर्धशतकाने लाभला.

५/ जर्मनीतील वीसबाडेन येथे म्युलर कुटुंब काचेचे कृत्रिम डोळे बनवत असे. १८८७ मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण आला. कर्करोगामुळे त्याची पापणी काढावी लागली होती. उघडा डोळा कोरडा पडून निकामी होण्याचे भय होते. म्युलरांनी काच फुंकून पातळ वाटी घडवली व ती त्या डोळ्यावर बसवली. येथे नंबराचा प्रश्न नव्हता. होता तो केवळ डोळा वाचवण्याचा.

६/ १८८८ मध्ये झुरिक येथील अडॉल्फ फिक याने अशा भिंगांवर निबंध प्रसिद्ध केला. प्रयोग आधी सशांवर, मग स्वतःवर, मग रुग्णांवर झाले. काच व डोळा यांमधील पोकळीत त्याने द्राक्षशर्करेचे द्रावण भरले. ‘कॉन्टॅक्ट’ हे नाव त्याच्याच निबंधातून रूढ झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजेन काल्ट याने केराटोकोनसच्या रुग्णांवर काचेची भिंगे वापरून पाहिली.

७/ १८८९ मध्ये कील विद्यापीठातील ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याचा स्वतःचा नंबर उणे १४च्या आसपास होता. डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरूनही ती काच त्याला अर्ध्या तासाहून अधिक सोसवली नाही.

८/ कारण काय? कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंमधून, थेट हवेतून मिळतो. काचेतून हवा जात नाही. म्हणून कॉर्निया सुजे आणि दृष्टीपुढे धुके दाटे. रचना योग्य होती, द्रव्य चुकीचे होते.

९/ १९३० नंतर काचेच्या जागी प्लास्टिक आले. भिंगे हलकी झाली; हवा मात्र त्यातूनही जाईना. १९४८ मध्ये केव्हिन टुओही याने केवळ कॉर्नियापुरते लहान भिंग बनवले, पुढे मऊ लेन्स आल्या, आणि मोठे स्क्लेरल भिंग मागे पडले.

१०/ ते परतले १९८३ मध्ये. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉन इझिकेल याने प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कठीण प्लास्टिकची स्क्लेरल भिंगे सादर केली. पुढे बॉस्टनमध्ये पेरी रोझेन्थाल याने गंभीर नेत्रविकारांसाठी ती विकसित केली. सुमारे शंभर वर्षे जुन्या रचनेला अखेर साजेसे द्रव्य मिळाले.

११/ आजचे भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, म्हणजे स्क्लेरावर टेकते आणि कॉर्नियाला स्पर्श न करता त्यावर घुमटासारखे उभे राहते. मधल्या जागेत सलाइन असते. ते कॉर्नियाचे उंचसखल भाग भरून काढते. प्रकाशाला समोर गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

१२/ हाच द्रव दिवसभर डोळा ओला ठेवतो. म्हणून औषधांच्या तीव्र प्रतिक्रियेतून होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन विकार, अतिशय कोरडे डोळे, रसायनाची जुनी इजा यांतही काही रुग्णांना त्याचा लाभ होतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना होणारी इजा आपल्याकडे अपरिचित नाही. १८८७च्या त्या वाटीचे मूळ काम आजही चालूच आहे.

१३/ मर्यादाही नोंदवायला हव्यात. भिंग दृष्टी सुधारते, पण केराटोकोनसची वाढ रोखत नाही. त्यासाठी क्रॉस-लिंकिंग हा वेगळा उपचार आहे. डोळे चोळण्याची सवय सोडावी लागते. भिंग नळाच्या पाण्याने धुवायचे नाही, ते घालून झोपायचे नाही. खर्च पुष्कळ असतो आणि मापासाठी अनेक खेपा पडतात.

१४/ वाशिम, रिसोड वा कारंज्याच्या तरुणासाठी या खेपा म्हणजे बुडालेली मजुरी असते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत ही भिंगे बसवली जातात, आणि अकोला–पूर्णा लोहमार्गाने वाशिम त्या दिशेला जोडलेले आहे. पण तिकीट काढण्याआधी निदान व्हावे लागते. नंबर वारंवार बदलत असेल, तर पुढचा चष्मा करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना ‘कॉर्नियल टोपोग्राफी’ या तपासणीविषयी अवश्य विचारावे.