डोनाचं पोहणं का थांबलं?

आपलं कळंब मांजरेच्या काठचं. विहिरीला पाणी असलं की पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. लहान असेपर्यंत पोरीही उतरतात. मग न्हाण येतं, आणि पोरीचं पाण्यात उतरणं बंद होतं. पोराला कुणी काही म्हणत नाही. आजची गोष्ट अमेरिकेची आहे, पण तिथंही पोरीचं पोहणं असंच एका वयाला थांबायचं.

कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथं मुलामुलींचा पोहण्याचा क्लब होता. जॉर्ज हेन्स शिकवायचे. डोना डी व्हरोना आणि डॉन शोलँडर ही दोघं त्यांच्याच हाताखाली तयार झाली. डोना १३ वर्षांची असताना, १९६० साली, रोमच्या ऑलिम्पिकला गेली. १९६४ साली टोकियोत डॉननं ४ सुवर्णपदकं मिळवली, डोनानं २.

मग डॉन येल विद्यापीठात गेला आणि तिथल्या संघातून पोहत राहिला. डोनाही शिकायला गेली, पण मुलींसाठी खेळाची शिष्यवृत्तीच नव्हती. १९६५ साली, अठराव्या वर्षी, तिनं स्पर्धा सोडल्या. अंगात ताकद होती तरी! त्याच वर्षी ती टीव्हीवर खेळांचं वर्णन करू लागली.

तिकडं कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठात येणाऱ्याला ‘ऑल-अमेरिकन’ म्हणतात. हा मान पोरींनी मिळवायचा, तर आधी त्यांना स्पर्धा हवी. १९७१ साली कॉलेजांतल्या बायकांनी आपली वेगळी संघटना काढली आणि मुलींच्या स्पर्धा स्वतःच भरवायला लागल्या. १९७२ च्या जूनमध्ये कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. गंमत म्हणजे त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही! पुरुषांच्या स्पर्धा भरवणाऱ्या बड्या संघटनेनं मुलींच्या खेळांना तो लागू करायला कडाडून विरोध केला. डोना या कायद्याच्या बाजूनं वर्षानुवर्षं बोलत राहिली.

पुढं नॅशव्हिलच्या क्लबात ट्रेसी कॉल्किन्स नावाची पोरगी आली. तोंडावर पाणी आलेलं तिला खपायचं नाही, म्हणून ती सुरुवातीला पाठीवरच पोहायची. १९७८ साली, पंधराव्या वर्षी, तिनं जागतिक स्पर्धेत ५ सुवर्णपदकं मिळवली. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेनं बहिष्कार टाकला आणि तिची संधी हुकली. डोनाच्या काळात असती तर तिचं पोहणं बहुधा तिथंच संपलं असतं. ट्रेसी मात्र फ्लोरिडा विद्यापीठात गेली. १९८२ साली त्याच विरोध करणाऱ्या संघटनेनं मुलींची पहिली पोहण्याची स्पर्धा भरवली, आणि ती फ्लोरिडानं जिंकली. ट्रेसी कितीतरी वेळा ऑल-अमेरिकन ठरली. १९८४ साली ती लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकला उतरली तेव्हा २१ वर्षांची होती. तिथं तिनं ३ सुवर्णपदकं घेतली.