पाना, आटे आणि जीर्णोद्धार
(जुन्या इंग्रजी मोटारसायकलींची व त्यांच्या हत्यारांची कथा)

खंडेनवमीस घरातील हत्यारे पुसून त्यांस गंधफूल वाहण्याची चाल आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांत अद्याप पाळली जाते. आमच्या घरी त्या दिवशी एक सागवानी पेटी माळ्यावरून खाली उतरते. आमचे कै. तीर्थरूप खडकीस लष्करी कारखान्यात फिटर होते. त्यांच्यामागे राहिलेली ही पेटी. तीत लहानमोठे चौदा पाने आहेत. त्यांवर कोरलेले आकडे आम्हांस अनेक वर्षे अगम्य होते. पान्यावर पाव इंच लिहिलेले असावे आणि मोजू जाता त्याचे तोंड अर्ध्या इंचाहूनही मोठे भरावे! हत्यारेच सदोष असावीत अशा समजुतीने ती पेटी पुण्याच्या जुन्या बाजारात वजनावर देऊन टाकण्याचेही आम्ही एकदा ठरविले होते.

पुढे शेजारच्या एका तरुणाने दुसऱ्या महायुद्धातील बी.एस.ए. एम-२० ही मोटारसायकल विकत घेऊन तिच्या दुरुस्तीस आरंभ केला, तेव्हा आम्हीही हौसेने हात लावला. तेरा मिलिमीटरचा पाना नटावर बसेना. चौदाचा बसे, परंतु सैल. त्या सैल पान्यानेच आम्ही जोर केला. नटाचे सहाही कोपरे झिजून तो वाटोळा झाला. युद्धातून व त्यानंतरच्या इतक्या पावसाळ्यांतून निभावलेली वस्तू आमच्या अधीरतेने क्षणात गेली. मग तीर्थरूपांच्या पेटीतील तोच ‘पाव इंची’ पाना शेजारच्या नटावर ठेवून पाहिला, तो असा चपखल बसला की बोटभर जोराने नट सुटला. हत्यार सदोष नव्हते. उणीव आमच्या माहितीत होती. ती भरून काढताना जे हाती आले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

या कथेचा आरंभ मोटारसायकलीच्या जन्मापूर्वी पुष्कळ वर्षे होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडी. एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नटात जाईल याची शाश्वती नसे. जोसेफ व्हिटवर्थ हा कुशल कारागीर लंडनास हेन्री मॉड्स्ले या थोर यंत्रकाराच्या हाताखाली तयार झाला व १८३३ साली त्याने मँचेस्टर येथे स्वतःचा कारखाना काढला. त्याने देशातील निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट जमविले, ते मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे सर्वांसाठी एकच माप सुचविले. आट्याचा कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर. पाव इंची बोल्टास इंचात २० आटे, अर्धा इंचीस १२, एक इंचीस ८. रेल्वे कंपन्यांनी ते उचलून धरले आणि व्हिटवर्थचे माप हळूहळू देशाचे माप झाले. पान्यावर लिहिलेला आकडा हा त्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा असतो, हे त्या पद्धतीचे मर्म होय. म्हणूनच ‘पाव इंची’ पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. तेरा का बसेना आणि चौदा का घसरे, याचा उलगडा एवढ्यात होतो.

परंतु मोटारसायकलीवर केवळ व्हिटवर्थचेच राज्य नव्हते. तिची जन्मगावे पाहिली म्हणजे याचे कारण कळते. रेडिच हे सुया करणाऱ्यांचे गाव. तेथे रॉयल एनफील्ड वाढली. बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी १८६१ साली बी.एस.ए. ही कंपनी स्थापिली. एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका ही तिची खूण मोटारसायकलींवरही कायम राहिली. कॉव्हेंट्रीस शिवणयंत्रांनंतर सायकलींचा धंदा भरभराटीस आला. तेथे सीगफ्रीड बेटमन या जर्मनीहून आलेल्या गृहस्थाने ट्रायम्फ उभी केली. प्रत्येक कारागिराने आपापल्या पूर्वीच्या धंद्यातील आटे नव्या वाहनात आणले. सांगाडा व चाके यांना सायकलीचे बारीक आटे, बहुधा इंचात २६ व कोन ६० अंश. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचात व्हिटवर्थचे जाड आटे. कारण मऊ धातूत बारीक आटा टिकत नाही. मॅग्नेटो व दिवे यांच्या जोडकामात ‘बी.ए.’ नावाचे चिमुकले आटे, कोन साडेसत्तेचाळीस अंश. हे माप १८८४ साली उपकरणे करणाऱ्यांसाठी ठरविले गेले होते. एखाद्या घराण्याच्या चालीरीतींवरून त्याचे मूळ ओळखावे, तद्वत या वाहनाच्या आट्यांवरून त्याचे कुळ सांगता येते.

यात एक फसवी जागा आहे. पाव इंची बोल्टास ‘बी.एस.एफ.’ या बारीक मापात इंचात २६ आटे असतात आणि सायकलीच्या मापातही २६च. जाडी तीच, संख्या तीच. कोन मात्र एकाचा ५५ व दुसऱ्याचा ६० अंश. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढतो, घट्टही भासतो. परंतु आत आट्यांच्या कडाच तेवढ्या भार वाहतात. रस्त्यावरील धक्क्यांनी तो सैल होतो किंवा आटेच सोलून निघतात. वरवर जमलेले सर्वच खरोखर जुळलेले असते असे नाही.

महायुद्धाने या व्यवस्थेस दोन धक्के दिले. पहिला बॉम्बवर्षावाचा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री जळाली, तीत ट्रायम्फचा कारखाना गेला. त्याच महिन्यात १९ तारखेच्या रात्री बी.एस.ए.च्या स्मॉल हीथ कारखान्यावर बॉम्ब पडून ५३ कामगार मृत्युमुखी पडले. असे असूनही बी.एस.ए.ने युद्धकाळात सव्वा लाखाच्या आसपास एम-२० गाड्या सैन्यास पुरविल्या. दुसरा धक्का मापांचा. पोलाद वाचविण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एक पायरी लहान करण्यात आली, बी.एस.एफ. बोल्टांची त्यापूर्वीच लहान झाली होती. एकाच पान्यावर दोन आकडे कोरण्याची गरज यातून उद्भवली, आणि तीर्थरूपांच्या पान्यांवरील जोडआकड्यांचे कोडे येथे सुटते. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसची मर्लिन विमान-इंजिने बांधावयास घेतली तेव्हा तिला सर्व आटे ब्रिटिश मापाचेच पाडावे लागले. दोस्तांचे नट एकमेकांच्या बोल्टांवर बसत नाहीत, हा अनुभव महाग पडला. म्हणून १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचे एक सामाईक माप मान्य केले. इंग्रजी मोटारसायकलींनी ते विशेषतः एकोणीसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीकारले. त्यामुळे संक्रमणकाळातील एकाच गाडीवर तीन-चार प्रकारचे आटे आढळतात.

नवे माप आले, परंतु धंदा वाचला नाही. स्टीव्हनेज येथील व्हिन्सेंट मोटारसायकलींचे उत्पादन १९५५ साली थांबले. रेडिचचा रॉयल एनफील्ड कारखाना १९६७ साली, व्हेलोसेट १९७१ साली बंद पडली. जपानी गाड्या स्वस्त होत्या, तेल गाळीत नव्हत्या व एका बटनाने सुरू होत. स्मॉल हीथचा कारखाना १९७७ च्या सुमारास जमीनदोस्त झाला. मेरिडन येथे ट्रायम्फच्या कामगारांनी कारखाना अडवून धरून सहकारी तत्त्वावर चालविला, तोही १९८३ साली मिटला. कारखाना मिटतो तेव्हा नकाशे, साचे व खास हत्यारे यांचीही वासलात लागते. व्हेलोसेटचा क्लच जुळविण्यास एक बोटाएवढी खुंटी लागते. ती मागील साखळीच्या चाकावरील भोकातून आत घालावयाची असते. मोल तिचे किती? परंतु ती व तिची रीत ठाऊक नसेल तर उत्तम गाडीही जागची हलत नाही.

या विनाशापुढे सामान्य माणसे उभी राहिली, हे आम्हांस या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते. १९४६ साली टिच ॲलन यांच्या पुढाकाराने व्हिंटेज मोटर सायकल क्लब स्थापन झाला. १९३१ पूर्वीच्या गाड्या मोडीपासून वाचविणे हा त्याचा मूळ हेतू. कारखान्यांच्या पाठवणीच्या जुन्या नोंदवह्या त्याच्या ग्रंथालयात जपल्या आहेत. त्यांवरून अमुक क्रमांकाचे इंजिन कोणत्या सांगाड्यात बसवून पाठविले हे पडताळता येते. व्हिन्सेंटच्या मालकांनी १९७५ साली सुट्या भागांची स्वतःची कंपनी काढली आणि तिच्या भागांतून कालांतराने एक संपूर्ण नवी गाडी उभी करून दाखविली. १६ सप्टेंबर २००३ रोजी बर्मिंगहॅमजवळील राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयास आग लागून सुमारे ३८० गाड्या होरपळल्या. पुढील वर्षाच्या अखेरीस त्याची दारे पुन्हा उघडली. जळालेल्या सांगाड्यांतून गाड्या उभ्या राहिल्या, कारण योग्य हत्यार व ते धरणारा हात शिल्लक होता.

हत्यारे जमविण्याचा छंद याच गरजेतून वाढला. बर्मिंगहॅमचे ‘किंग डिक’ पाने, रेडिचच्या टेरी कारखान्याची व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबण्याची चिमटी, क्लच ओढून काढण्याचे ओढे, हे सारे लोक जुन्या बाजारांत धुंडाळतात. काही हत्यारे काचेच्या कपाटात जातात. परंतु खरा संग्राहक ती वापरतो व मागणाऱ्यास उसनी देतो.

जीर्णोद्धाराची रीत थोडक्यात सांगतो. प्रथम गाडी आहे तशी टिपून घ्यावी. कोणती वायर कोठून गेली, कोणत्या बोल्टाखाली किती वायसर होते, हे सर्व. गंजलेल्या जोडास तेल पाजून दिवसचे दिवस वाट पहावी, मग उष्णता द्यावी, जोर सर्वांत शेवटी. सुटलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. बिघडलेले आटे त्याच मापाच्या टॅपने साफ करावे. दुसऱ्या मापाचा टॅप फिरविला की मूळ पुरावा कायमचा नष्ट होतो. मुलाम्याचेही तसेच: १९३० च्या सुमारापूर्वीच्या गाड्यांस निकेलचा किंचित पिवळसर मुलामा असे, क्रोमची निळसर झळाळी नंतरची. १९२५ सालच्या गाडीस क्रोम चढविणे म्हणजे हेमाडपंती देवळास ऑइलपेंट फासण्यासारखे आहे.

येथे जाणत्यांत मतभेद आहे. कित्येक म्हणतात, गाडी कारखान्यातून निघाली तशी नवी दिसावी. दुसरे म्हणतात, उडालेला रंग व झिजलेली पेडले हाही इतिहासच. वस्तू मूळ रूपात एकदाच असते. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. जेथे जिवास धोका आहे, म्हणजे ब्रेक, चाके व सुकाणू, तेथे निःसंकोच नवे घालावे. अन्यत्र जेवढे वाचेल तेवढे वाचवावे.

या कथेचा एक धागा आपल्या देशातही येतो. १९५५ साली मद्रास येथे बुलेट गाडी जोडण्यास आरंभ झाला. पुढे तिचे साचे व हत्यारे रेडिचहून आली आणि भाग येथेच होऊ लागले. मूळ कारखाना मिटला तरी रोप जगले, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडात विक्रीस जाऊ लागली. आपल्याकडील मिस्त्रींनी या इंग्रजी मापांस आपली भाषाही दिली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाव इंची बोल्ट दोन सुती, अर्धा इंची चार सुती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी ‘सूत’ हा शब्द जुन्या कारागिरांच्या तोंडून अजून ऐकू येतो.

यंत्राचे आयुष्य केवळ लोखंडावर अवलंबून नसते; ज्या मापाने ते घडले ते माप जाणणारा माणूस असेतोवरच ते जिवंत. ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती एवढीच की, घरात वडीलधाऱ्यांची हत्यारपेटी असेल तर ती मोडीत घालण्यापूर्वी उघडून पहावी. आणि ती वापरलेले कोणी हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून कोणते हत्यार कशाचे हे लिहून घ्यावे. आम्ही ते तीर्थरूपांच्या हयातीत केले नाही, याची खंत वाटते. यंदा पूजेपूर्वी आम्ही चौदाही पान्यांस मापाच्या चिठ्ठ्या बांधल्या. आमच्या हातून वाटोळा झालेला तो नटही त्याच पेटीत ठेवला आहे. पुढच्या पिढीने विचारले तर काय झाले ते सांगता यावे म्हणून.